बेवडाचे शास्त्र : प्रस्तावना

रावेर-यावलच्या पट्ट्यात कुणी केळीसाठी नवे शेत धरले की जाणती माणसे आधी विचारतात, "बेवड कशाचा?" आधी हरभरा होता की कपाशी, ताग गाडला होता की रान उन्हाळाभर उघडे पडले होते, हे सगळे त्या दोन शब्दांत विचारून होते. मागचे पीक घरी नेल्यावरही मातीत काहीतरी उरते आणि ते पुढच्या पिकाला मानवते किंवा बाधते. मृदा सूक्ष्मजीवशास्त्र त्या 'काहीतरी'चाच शोध घेते. तेव्हा या शास्त्राच्या दारात संकोचून उभे राहू नका. निम्मे घर तुमचेच आहे.

हरभऱ्याचा बेवड चांगला का, याचे थोडे उत्तर त्याच्या मुळांवरच्या गाठींत आहे. त्यांतले नत्र धरणारे जिवाणू १८८८ साली हॉलंडच्या बायरिंक यांनी वेगळे करून दाखवले. बुरशीची कथा त्याहून रंजक आहे. कपाशीच्या मुळांत शिरून मायकोरायझा नावाची बुरशी आपले धागे लांबवर मातीत सोडते, स्फुरद आणून देते आणि मोबदल्यात साखर घेते. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद चुन्याशी बांधले जाते, म्हणून इथे तिचे मोल अधिक. रोटाव्हेटरच्या प्रत्येक फेरीत हे धागे तुटतात. वैशाखात शिंदखेड्याच्या कोरडवाहू रानात जिवंत मूळच नसते, तेव्हा ही बुरशी उपाशी असते.

आता कर्ब. माती परीक्षणाच्या कागदावर 'सेंद्रिय कर्ब' लिहिलेले असते, त्यातला 'सेंद्रिय' शब्द आपल्याकडे फार महत्त्वाचा. कर्ब चुनखडीतही असतो, पण त्यावर कुणाचे पोट भरत नाही. एक एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचे वजन साधारण ८०० टन. सेंद्रिय कर्ब ०.४ वरून ०.५ टक्क्यावर न्यायचा तर ८०० किलो कर्ब टिकवावा लागतो. सुका पालापाचोळा दोन टन टाकला की तेवढा कर्ब येतो खरा, पण त्यातला बहुतेक भाग जिवाणू वर्षभरात खाऊन हवेत सोडतात. केळीच्या खोडांचे तर विचारूच नका! त्यांत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. ढिगाने डोळे भरतात, कर्ब भरत नाही.

भाजलेल्या रानावर मृगाची पहिली सर पडली की जो वास येतो, तो बहुतांशी ॲक्टिनोमायसीट गटातल्या जिवाणूंची करणी. त्याच घटकेला मातीतले जिवाणू जागे होऊन कर्बावर तुटून पडतात, हे मात्र नाकाला कळत नाही. सुकलेली माती भिजताच कार्बन डायऑक्साइड उसळतो, ही गोष्ट एच. एफ. बर्च यांच्या १९५८ च्या अभ्यासामुळे त्यांच्याच नावाने ओळखली जाते. उघडे रान उन्हात जितके तापेल-सुकेल, तितकी ही उधळपट्टी वाढण्याची भीती.

कर्बाची गोष्ट निघाली की कपाशीच्या पऱ्हाट्यांचा वाद टाळता येणार नाही. गुलाबी बोंडअळीचा मुक्काम राहू नये म्हणून पऱ्हाट्या वेळेवर शेताबाहेर काढायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण बाहेर काढणे म्हणजे बांधावर पेटवणे नव्हे. अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली पुस्तकरूपाने मांडलेली खत करण्याची इंदूर पद्धत सातपुड्यापलीकडच्या काळ्या मातीतच घडली. कपाशीच्या टणक काठ्या ते शेतरस्त्यावर अंथरत, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्या चिरडल्या जात आणि मग गुरांखाली पसरून खताच्या ढिगात जात. आज श्रेडर आहे, गाडीवाट नाही, काम तेच.

मातीतला प्रत्येक जीव मित्र आहे असा भाबडा समजही नको. केळीला मर आणणारी फ्युजेरियम बुरशी याच मातीत वर्षानुवर्षे दबा धरून राहते, आणि बेवड विचारणाऱ्यांच्या मनात तिचीही धास्ती असते.

एक विनंती. मूग किंवा उडीद पेरून महिना झाला की एक रोप न उपटता फावड्याने मातीसकट काढा, मुळे हलक्या हाताने धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर तिच्यातले जिवाणू कामावर आहेत.