पन्नासाव्या क्रमांकाचं गाणं

सिंगल म्हणजे दर्शनी बाजूला एक गाणं आणि पाठीवर जोडीला दुसरं. १९४९ साली आरसीए व्हिक्टरने सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी बाजारात आणली आणि पुढे रॉकचा सगळा धंदा या छोट्या तबकडीवर उभा राहिला. बँडमधल्या गायकाने मात्र स्वतःच्या एकट्याच्या नावावर सिंगल काढलं, की लोक कान टवकारतात. एकत्र कुटुंबात राहून वेगळी चूल मांडण्यातलाच तो प्रकार.

'क्वीन' या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने १९८५ मध्ये अशी चूल मांडली. मूळ नाव फारुख बलसारा, जन्म झांझिबारचा, आडनाव बलसाडवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेलं. या पारशी मुलाचं शिक्षण आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत झालं. तिथे मुलांनी 'हेक्टिक्स' नावाचा बँड काढला होता. त्यात फारुख पियानोवर असे. मुख्य गायक दुसराच होता.

एकट्याच्या अल्बमसाठी त्याने म्युनिक गाठलं. एका उंच इमारतीच्या तळघरातला म्युझिकलँड स्टुडिओ, सोबतीला निर्माता राइनहोल्ड मॅक. एप्रिल १९८५ मध्ये 'मिस्टर बॅड गाय' आला आणि ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत चढला. त्यातलं पहिलं सिंगल अकराव्या क्रमांकावर अडलं, दुसरं ५७ वर. तिसरं होतं 'लिव्हिंग ऑन माय ओन', सप्टेंबर १९८५. जुलैत 'लाइव्ह एड' या मदतनिधीच्या मैफलीत मंचावरून वेम्ब्लीचं अख्खं मैदान त्याने हलवलं होतं, त्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तरी हे गाणं पन्नासाव्या क्रमांकापलीकडे सरकलं नाही. लोकांना चौघांचा फ्रेडी हवा होता.

गाण्याचा विषय एकटेपणा, पण चाल नाचरी. मधे एका जागी शब्द संपतात आणि तो नुसत्या अक्षरांवर गळा फिरवू लागतो. जॅझवाले याला स्कॅट म्हणतात. आपल्या कानाला तराणा आठवतो. सांगण्यासारखं काही उरलं नाही, पण थांबवतही नाही, अशी ती जागा आहे. चित्रफीत त्याहून मजेची. म्युनिकच्या एका क्लबात झालेल्या त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवसाच्या मेजवानीतच ती टिपली. पाहुण्यांनी काळ्या-पांढऱ्या पोशाखात यायचं, पुरुषांनी बायकांचे कपडे घालून, असा दंडक होता. एकटेपणाचं गाणं आणि पडदाभर माणसांची दाटी.

२४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी गेला. त्यानंतर 'नो मोअर ब्रदर्स' या नावाने कुणी हे गाणं नव्याने बांधलं. आवाज तोच ठेवला, त्याखालचा ठेका बदलला. १९८५च्या सिंथेसायझरच्या जागी त्या दिवसांत युरोपभरच्या क्लबांत घुमणारा हाउसचा ठेका आला. मेजवानीची तीच दृश्यं नव्याने जुळवली आणि १९९३च्या उन्हाळ्यात सिंगल पुन्हा बाजारात आलं.

ऑगस्टमध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं आणि दोन आठवडे तिथे राहिलं. निव्वळ हळहळीने हे झालं, असं मला वाटत नाही. हळहळीची लाट १९९१च्या डिसेंबरात येऊन गेली होती. तिच्यावर 'क्वीन'चं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' दुसऱ्यांदा पहिलं आलं होतं. इथे गाणं जिंकलं ते नाचाच्या फरशीवर. त्यावर नाचणाऱ्या कितीतरी पोरांना आधीचा पन्नासावा क्रमांक ठाऊकही नसेल.

'क्वीन'सोबत फ्रेडीने पहिला क्रमांक अनेकदा पाहिला. एकट्याच्या नावावर ब्रिटनमधला पहिला क्रमांक मात्र हा एकच. तो आला तेव्हा त्याला जाऊन पावणेदोन वर्षं झाली होती.