अग्निशौच वस्त्र

नवरात्रात ज्यांच्या घरी दुर्गासप्तशतीचा पाठ होतो, त्यांच्या कानांवरून एक शब्द दरवर्षी जातो आणि बहुधा तसाच निघून जातो. पाचव्या अध्यायात चंड-मुंड आपल्या धन्याजवळची, म्हणजे शुंभाजवळची, रत्ने मोजू लागतात. त्या यादीत अग्नीने दिलेली दोन ‘अग्निशौच’ वस्त्रे आहेत. पाण्याऐवजी विस्तवाने शुद्ध होणारे वस्त्र, असा त्याचा सरळ अर्थ. हे वर्णन ॲस्बेस्टॉसच्या कापडाचेच, असे ठामपणे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही; पुराणातील प्रत्येक वस्तूला आजचे नाव चिकटविण्याची हौस आम्हांस नाही. परंतु ‘अग्नीत धुतलेले कापड’ अशाच अर्थाचा शब्द चिनी भाषेतही आहे, आणि पहिल्या शतकातील रोमन ग्रंथकार प्लिनी विस्तवात टाकून स्वच्छ केलेले हातरुमाल आपण पाहिल्याचे लिहितो. हे कापड हिंदुस्थानातील निर्जल, सापांनी भरलेल्या वाळवंटात उगवते, अशीही त्याची समजूत होती! ते उगवत नाही, डोंगरातून खणून काढतात, हे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पष्ट सांगितले.

या कापडाचे मोल बरीच शतके नवलाईचेच राहिले. तरुण बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेहून लंडनला येताना ॲस्बेस्टॉसची एक थैली आणली आणि 1725 साली ती हॅन्स स्लोन या संग्राहकास विकली. नवलाई सोडून त्याचा उपयोग शोधणाऱ्यांत जिओव्हानी अल्दिनी हा इटालियन शास्त्रज्ञ ठळक दिसतो. 1830 च्या सुमारास त्याने आग विझविणाऱ्यांसाठी पोशाख केला. डोके, हात व पाय ॲस्बेस्टॉसच्या कापडाने आणि उरलेले अंग तुरटीच्या पाण्यात भिजविलेल्या जाड कापडाने झाकायचे, व त्यावर तारेच्या जाळीचा अंगरखा चढवायचा, अशी त्याची रचना होती.

अल्दिनीची ही जोडणी आम्हांस मोठी मर्माची वाटते. न जळणे आणि उष्णता अडविणे हे दोन वेगळे गुण आहेत, आणि ते एकाच वस्तूत क्वचितच पुरते सापडतात. लोकरीचा नमदा घ्या. खोगिराखाली घातला जाणारा हा दाबून घट्ट केलेला थर विणलेला नसतो. लोकरीचे केस ओलावा, ऊब व दाब यांनी एकमेकांत गुंतविलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवा अडकून राहते. उष्णता रोखते ती मुख्यतः ही हवा. लोकर सहजी पेटत नाही, पेटलीच तर कोळसून विझू पाहते. म्हणूनच ठिणगी पडली की घोंगडे टाकण्याची आपली जुनी रीत शहाणपणाची होती. पण सतत शंभर अंशांच्या फार वरची धग लोकरीस सोसत नाही. उलट काचेच्या धाग्याचे पातळ कापड पाचशे अंशांच्या आसपासही टिकते, तरी त्याच्या एका पदरातून आच हाताला लगेच लागते. भट्टीच्या तोंडाशी कोणता पडदा, वाफेच्या नळास कोणते वेष्टन आणि कामगाराच्या हाती कोणता मोजा, हे तीन प्रश्न म्हणून वेगवेगळे आहेत.

वाफेच्या युगाने या निवडीस निकड आणली. आरंभीच्या रेल्वे-इंजिनांच्या बॉयलरवर नमदा आणि लाकडी पट्ट्या बसवीत. गायकवाडांच्या वा शिंद्यांच्या छोट्या गाड्यांत अथवा इंदूरच्या गिरण्यांत ज्यांच्या वडीलधाऱ्यांनी नोकरी केली, त्यांना बॉयलरला असा कोट लागतो, हे सांगावयास नको. पुढे वाफेचा दाब व ताप वाढत गेला तसे लाकूड व केस करपू लागले. त्याच सुमारास, 1870 नंतरच्या दशकात, कॅनडातील क्वेबेक प्रांतात ॲस्बेस्टॉसच्या खाणी सुरू झाल्या आणि 1879 मध्ये इंग्लंडातील रॉचडेल येथे टर्नर बंधूंनी यंत्रावर त्याचे कापड विणावयास घेतले. न जळणारे, न कुजणारे, विणता येणारे आणि आता स्वस्तही! निवड झाली, आणि पाऊणशे वर्षे ती कोणासही चुकीची वाटली नाही.

कोणासही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. ब्रिटनच्या कारखाना-निरीक्षक ल्युसी डीन यांनी 1898 च्या अहवालातच या धुळीचे कण काचेसारखे अणकुचीदार असल्याचे नोंदविले होते. रॉचडेलच्याच कारखान्यात सूत कातणारी नेली कर्शॉ 1924 साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फुप्फुसे निकामी होऊन गेली. कंपनीने भरपाई नाकारली. तिच्या फुप्फुसांची तपासणी करणारे डॉक्टर कुक यांनीच पुढे 1927 मध्ये या रोगास ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव रूढ केले. 1930 च्या सरकारी पाहणीत 363 कामगार तपासले, त्यांतील सुमारे चतुर्थांशांस हा विकार निघाला. धुळीच्या नियंत्रणाचे नियम 1931 साली झाले, पण ते विणणाऱ्यांपुरते. वेष्टन चढविणारा आणि ते फोडून काढणारा बाहेरच राहिला. 1960 मध्ये वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतून फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाचे 33 रुग्ण मांडले, आणि 1965 च्या लंडनमधील अभ्यासात तर कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांचीही नावे आली. अग्नीने शुद्ध होणारे वस्त्र पाण्याने धुणारीच्या जिवावर उठले होते.

मग पर्याय आले. काचतंतू 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत कारखानदारीने निघू लागला होता. ‘नोमेक्स’ हा न वितळणारा कृत्रिम धागा 1960 नंतर आला आणि अग्निशामकांच्या अंगावर चढला. हजार अंशांच्या वर ज्या भट्ट्या चालतात त्यांच्यासाठी सिरॅमिक तंतूची गादी आहे. ती ॲस्बेस्टॉसहून सुरक्षित मानतात. तथापि कर्करोगाचा संभव असलेल्या पदार्थांत तिचीही गणना झाली आहे. विकणारा अंशांचा आकडा आधी सांगतो. धागा किती जाड, तो तुटून श्वासात जातो काय, गेलाच तर शरीरात विरघळतो काय, हे त्याला विचारावे लागते.

ब्रिटनने 1999 साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. खाणींचा देश असलेल्या कॅनडानेही 2018 मध्ये तेच केले. 2006 मध्ये ‘क्लेमांसो’ ही फ्रेंच युद्धनौका अलंगच्या किनाऱ्यावर मोडीसाठी निघाली असता तिच्या पोटातील ॲस्बेस्टॉसवरून गहजब झाला व फ्रान्सला ती परत बोलवावी लागली. तिच्यावर जगाचे लक्ष होते. गिरणीच्या बॉयलर-खात्यात जुने लॅगिंग हाताने सोलणाऱ्या माणसाकडे तितके कोणी पाहिले नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या निकालात अशा कामगारांच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून 40 वर्षे अथवा निवृत्तीनंतर 15 वर्षे, यांत जे उशिरा येईल तोवर ठेवण्यास सांगितले. इतकी लांब मुदत घालण्याचे कारण उघड आहे. हा रोग तीस-चाळीस वर्षे दडून राहू शकतो आणि तोवर गिरणी उरलेली नसते. म्हणून ज्या घरांत बॉयलर, लोको शेड वा ब्रेक-अस्तराच्या कारखान्यात काम केलेले कोणी वृद्ध आहेत, त्यांनी नोकरीचे कागद रद्दीत घालू नयेत, आणि दम लागतो म्हणून डॉक्टरांकडे जाताना वडिलांनी कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले, हे आपण होऊन सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही.