पेंढाऱ्यांचा पाठलाग आणि नाशिकचे किल्ले

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं दहा हल्लेखोर कराचीहून समुद्रमार्गें येऊन मुंबईंत उतरले आणि पुढील तीन दिवसांत १६६ माणसें बळी पडलीं. ज्या मुलखांतून हे लोक आले त्यांत सैन्य घालण्याचा हक्क भारतास आहे कीं नाहीं, हा प्रश्न तेव्हां घरोघर निघाला. त्या सालीं सैन्य गेलें नाहीं. पुढें उरी, पुलवामा व पहलगाम येथील हल्ल्यांनंतर, म्हणजे २०१६, २०१९ व २०२५ मध्यें, सरहद्दीपलीकडील तळांवर घाव घालण्यांत आला.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४५ च्या सनदेंतील ५१ वें कलम सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्रास आत्मसंरक्षणाचा हक्क देतें. परंतु हल्ला राज्याच्या फौजेनें न करतां त्याच्या आश्रयास राहिलेल्या टोळीनें केला तर काय, हें तें कलम सांगत नाहीं. आणि कायदेपंडितांचें भांडण तेथेंच आहे. टोळीचें कृत्य त्या राज्याच्या पदरीं घालतां आलें पाहिजे, असें एक पक्ष म्हणतो. टोळी आवरण्याची ज्याची इच्छा अगर ताकद नाहीं त्यानें सरहद्दीचा आडोसा मागूं नये, असें दुसरा म्हणतो. कारवाई गरजेपुरती व घावाच्या मानानें असावी, एवढें मात्र दोघांसही मान्य आहे.

हा दुसरा पक्ष दिसतो तितका नवा नाहीं. १८१७ सालीं ईस्ट इंडिया कंपनी मराठी दरबारांशीं हेंच बोलत होती.

पेंढारी हे आजच्या अर्थानें दहशतवादी नव्हते. त्यांस लूट हवी होती, लोकांत धाक बसवून राजकारण साधावयाचें नव्हतें. ज्याच्या दारीं धाड आली त्यास हा भेद काय कामाचा, तो भाग निराळा. मार्च १८१६ मध्यें त्यांनीं कंपनीच्या गुंटूर प्रांतांत धाड घातली. चौकशी समितीनें नोंदलेले आंकडे असे: बारा दिवसांच्या आंत ३३९ गांवें लुटलीं गेलीं, १८२ माणसें ठार झालीं, ५०५ जबर जखमी झालीं, आणि ३,६०३ जणांचा नाना प्रकारें छळ झाला. हे स्वार नर्मदेच्या खोऱ्यांतून येत व लूट घेऊन तेथेंच परतत. त्यांच्या म्होरक्यांस तेथें शिंदे-होळकरांकडून जमिनी मिळाल्या होत्या. टोळ्यांचीं नांवेंच मुळीं शिंदेशाही व होळकरशाही! या दरबारांस त्यांना आवरण्याचें सामर्थ्य उरलें नव्हतें, आणि फारशी इच्छाही दिसत नव्हती.

गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यानें लाखाहून अधिक फौज व सुमारें तीनशें तोफा उत्तर व दक्षिण अशा दोन्ही बाजूंनीं माळव्यावर चालविल्या. गुंटूरच्या रयतेचें रक्षण हें कंपनीचें कर्तव्यच होतें. तेव्हां पाठलागास दोष देतां येणार नाहीं. पण वीसतीस हजार हलक्या स्वारांसाठीं एवढा तोफखाना कशास? याचें उत्तर ५ नोव्हेंबर १८१७ च्या शिंद्यांशीं झालेल्या तहांत सांपडतें. पेंढाऱ्यांविरुद्ध शिंद्यांनीं साह्य करावें, हें कलम प्रसंगास धरून होतें. त्याच तहानें, राजपुतान्यांतील संस्थानांशीं कंपनीनें परस्पर करार करूं नयेत, हें जुनें बंधनही काढून टाकण्यांत आलें. गुंटूरच्या लुटीशीं उदेपूर-जोधपूरचा काय संबंध? आत्मसंरक्षण संपून राज्यविस्तार कोठें सुरू झाला, तें येथें स्वच्छ दिसतें.

त्याच दिवशीं बाजीरावानें खडकीस कंपनीवर हल्ला केला. त्याचें वैर निराळ्या कारणांचें होतें, आणि पहिला वार त्याचा होता, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें २१ डिसेंबरला महिदपूर येथें होळकरांची फौज मोडली. अल्पवयी मल्हाररावाच्या नांवें ६ जानेवारी १८१८ रोजीं मंदसोरचा तह झाला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडील होळकरांचा सारा मुलूख कंपनीकडे गेला.

ती लाट मग नाशिकवर आली. चांदवड होळकरांचें, त्र्यंबक पेशव्यांचा. एप्रिल १८१८ मध्यें अंकाई, राजधेर व त्र्यंबक पडले. त्र्यंबकाची वार्ता ऐकून आणखी सतरा किल्ले लढाईवांचून खालीं झाले. मालेगांवच्या अरब शिबंदीनें मात्र जूनच्या मध्यापर्यंत दम धरला. पुढें कंपनीनें अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगानें उडवून दिल्या. गुंटूरच्या धाडीशीं या गडांचा कांहींएक संबंध नव्हता.

पुढें वीस वर्षांनीं, १८३७ मध्यें, कानडांतील बंडखोरांस रसद पुरविणारी ‘कॅरोलाइन’ नांवाची आगबोट इंग्रजांनीं अमेरिकेच्या हद्दींत शिरून जाळली. अमेरिकेचा परराष्ट्रमंत्री वेब्स्टर यानें १८४१ मध्यें त्यांस जाब विचारला कीं, दुसरा उपायच नव्हता व क्षणभर थांबण्यास सवड नव्हती, हें दाखवून द्या. गरजेची व प्रमाणाची आजची कसोटी बरीचशी या पत्रव्यवहारांतून निघाली, आणि १८४२ मध्यें इंग्रजांनीं झाल्या गोष्टीबद्दल खेदही दर्शविला. असा जाब विचारण्याचें बळ शिंदे-होळकरांत राहिलें नव्हतें.

आणि ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांचें काय झालें? चितू पेंढारी पाठलाग चुकवीत हिंडतां हिंडतां १८१९ मध्यें अशीरगडाजवळच्या रानांत वाघाच्या तोंडीं पडला. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्यें माल्कमच्या स्वाधीन झाला. त्यास गोरखपूरकडे जमीन देण्यांत आली. त्याच माल्कमपुढें जूनमध्यें बाजीरावानें शस्त्र ठेविलें, आणि सालीना आठ लाखांचें वेतन घेऊन तो ब्रह्मावर्तास गेला.