दुसऱ्यांदा बटण दाबल्यावर: डेटाबेसचा कोड लिहिणाऱ्या टूल्सचा छोटा इतिहास

पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

माझं काम वर्धा जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्यावर आहे. आर्वी, समुद्रपूर, हिंगणघाट अशा तालुक्यांतून दर महिन्याला बाटल्या भरून आणायच्या, लॅबमध्ये नायट्रेट, फ्लोराईड, क्षारता मोजायची आणि आकडे डेटाबेसमध्ये भरायचे. सुरुवातीला सगळं एक्सेलमध्ये होतं. टेबलं वाढली तशी प्रत्येक टेबलासाठी तोच तो कोड लिहायचा कंटाळा आला. म्हणून पायथॉनमध्ये एक छोटं टूल लिहिलं. ते डेटाबेसमधल्या टेबलांची रचना वाचायचं आणि प्रत्येक टेबलासाठी नोंद करणं, वाचणं, बदलणं, पुसणं या चार कामांचा कोड स्वतः लिहून द्यायचं. मी त्याला ऐटीत ‘आवृत्ती ०.१, फक्त चाचणीसाठी’ असं नाव दिलं आणि लॅबमधल्या दोन ज्युनिअर्सना वापरायला दिलं.

त्या टूलमध्ये एक खोट होती. आकड्याची जागा रिकामी दिसली की ते तिथे शून्य टाकायचं. हे मला लवकरच कळलं होतं. मी काय केलं? टूलने लिहून दिलेली फाईल उघडली, त्यातल्या दोन ओळी हाताने बदलल्या आणि विसरून गेलो. महिन्याभराने एका ज्युनिअरने विहिरीच्या खोलीचा नवा कॉलम जोडला आणि टूल पुन्हा चालवलं. टूलने फाईल नव्याने लिहिली. माझ्या दोन ओळी गेल्या.

आता याचा परिणाम बघा. एका विहिरीचे सहा महिन्यांपैकी चारच महिन्यांचे आकडे होते: ५२, ४९, ५५ आणि ४७ मिलिग्रॅम प्रतिलिटर नायट्रेट. उरलेल्या दोन महिन्यांत नमुना मिळालाच नव्हता. चार आकड्यांची सरासरी ५०.७५ येते. दोन रिकाम्या जागी शून्य धरलं तर बेरीज तीच २०३ राहते, पण भागायचं सहाने, म्हणून सरासरी ३३.८. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, नायट्रेटची मर्यादा ४५ आहे. कॉलम जोडण्याआधी ती विहीर यादीत लाल होती, नंतर हिरवी झाली. पाण्यात काहीच बदललं नव्हतं. वहीतले आकडे डोक्यात होते म्हणून मी थबकलो. नसते तर गावाला जाणाऱ्या यादीत ‘पिण्यास योग्य’ असं लिहून गेलो असतो.

या प्रकारानंतर मी शोधायला लागलो की असली टूल्स बनवणाऱ्या मोठ्या लोकांनी हा प्रश्न कसा सोडवला. तेव्हा लक्षात आलं की या टूल्सचा बराचसा इतिहास एकाच प्रश्नाभोवती फिरतो: टूलने लिहिलेल्या कोडमध्ये माणसाने हात घातला आणि टूल दुसऱ्यांदा चालवलं, तर काय होतं?

आधी थोडं मागे जाऊ. यंत्राने माणसासाठी प्रोग्राम लिहावा ही हौस जुनी आहे. आयबीएमचं आरपीजी १९५९ चं. त्यात तुम्ही ठरावीक तक्त्यांत भरायचं की आत येणारं कार्ड कसं आहे आणि बाहेर अहवाल कसा हवा, मग प्रोग्राम तयार होऊन मिळायचा. पुढे १९७० मध्ये एडगर कॉड यांनी माहिती टेबलांच्या रूपात मांडायची रिलेशनल कल्पना प्रसिद्ध केली. १९७४ मध्ये चेंबरलिन आणि बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली, तीच आजची एसक्यूएल. या भाषेत तुम्ही ‘काय हवं’ ते सांगता, ‘कसं शोधायचं’ ते डेटाबेस बघतो.

गंमत अशी की इथूनच नवं ओझं सुरू झालं. माहिती टेबलांत राहते, पण प्रोग्राम लिहिणारे पुढे ऑब्जेक्टच्या भाषेत विचार करू लागले. विहीर हा एक ऑब्जेक्ट, तिच्या पोटात तिच्या सगळ्या नोंदी. टेबलांत मात्र विहीर एकीकडे, नोंदी दुसरीकडे आणि मध्ये क्रमांकाचा दुवा. इकडचं तिकडे नेणारा कोड प्रत्येक टेबलासाठी लागतो आणि तो जवळजवळ सारखाच असतो. शंभर टेबलं असतील तर तेच काम शंभर वेळा. रिलेशनल डेटाबेस स्वतःच्या रचनेची माहितीही टेबलांतच ठेवतो, त्यामुळे ती रचना वाचून कोड लिहून देणारं टूल बनवणं तसं सोपं. माझ्यासारख्यालाही जमलं. अवघड भाग दुसऱ्या फेरीत येतो.

या दुसऱ्या फेरीवर एक साधा, छान उपाय जॉन व्लिसिडेस यांनी १९९० च्या दशकात मांडला. त्याचं नाव ‘जनरेशन गॅप’. टूलने लिहिलेला क्लास वेगळा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. आपले बदल त्याच्यापासून निघालेल्या दुसऱ्या क्लासमध्ये लिहायचे. टूल पुन्हा चालवलं तरी पहिलाच क्लास बदलतो, आपला तसाच राहतो. माझ्या दोन ओळी अशा वेगळ्या ठेवल्या असत्या तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. पुण्यात हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत टाटांची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे टीसीएसच्या फकीरचंद कोहलींची दृष्टी होती. पास्कलचा प्रसिद्ध पी-कंपायलर ज्यांच्या हातून घडला त्या चमूतले केशव नोरी पुढे इथे आले. भाषा आणि भाषांतर यंत्र म्हणजे कंपायलर, या विषयाची बैठक तिथे पक्की होती. याच संस्थेत विनय कुलकर्णी, श्रीधर रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जे काम उभं केलं, ते टीसीएसचं ‘मास्टरक्राफ्ट’ म्हणून ओळखलं जातं.

त्यांची कल्पना माझ्या टूलपेक्षा कितीतरी व्यापक होती. मोठ्या व्यावसायिक प्रणालीचे तीन थर धरायचे: पडद्यावर दिसणारा, व्यवहाराचे नियम सांभाळणारा आणि डेटाबेसचा. प्रत्येक थराचं मॉडेल बनवायचं आणि तिन्ही मॉडेल्स एका सामाईक चौकटीत जोडायची, म्हणजे एकीकडचा बदल दुसरीकडे विसंगत ठरला तर कळतं. व्यवहाराचे नियम लिहायला त्यांनी क्यू++ नावाची भाषा केली. मॉडेलपासून कोड बनवायचा तो जनरेटरने. बदल करायचा तर मॉडेलमध्ये करायचा, तयार झालेल्या कोडमध्ये नाही. म्हणजे माझ्या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं: हात घालायची वेळच येऊ देऊ नका.

पण संशोधनाच्या दृष्टीने खरी गोष्ट यानंतर सुरू होते. टूल प्रत्यक्ष प्रकल्पांत वापरलं जाऊ लागलं तसं दिसलं की प्रत्येक प्रकल्पाला थोडा वेगळा कोड हवा असतो. उदाहरणार्थ, एकाला नोंद पुसताना ती खरंच पुसायची असते, दुसऱ्याला ती ‘रद्द’ अशी खूण करून जपायची असते. एकाला प्रत्येक बदल कोणी आणि कधी केला याचा माग हवा, दुसऱ्याला ते ओझं वाटतं. शिवाय प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा, संगणक वेगळे. एकच एकसंध जनरेटर असेल तर अशा प्रत्येक मागणीसाठी त्याच्या पोटात शिरून बदल करावे लागतात. हाताने कोड दुरुस्त करायची कटकट जी आधी प्रकल्पाच्या पातळीवर होती, ती आता टूलच्या पातळीवर आली.

यातून त्यांचा संशोधन प्रश्न तयार झाला: जनरेटरचेच असे तुकडे करता येतील का, की एक तुकडा एकाच बाबीचा विचार करेल आणि हवे ते तुकडे जोडून हवा तो जनरेटर मिळेल? यावर कुलकर्णी आणि रेड्डी यांचा निबंध २००३ मध्ये आयईईई सॉफ्टवेअरमध्ये आला. २०१० मध्ये या सगळ्या वर्षांच्या अनुभवाचा आणि धड्यांचा आढावा घेणारा निबंधही त्यांच्या गटाने मॉडेल्स परिषदेत मांडला. तुम्ही संशोधनात येताय म्हणून हा क्रम नीट बघा. टूल आधी चाललं, मग लोकांनी ते वापरलं, मग तक्रारी आल्या आणि त्या तक्रारींमधलं साम्य ज्यांनी ओळखलं त्यांना निबंधाचा विषय मिळाला.

पुण्यात हे चाललं असताना अमेरिकेत मायक्रोसॉफ्टही याच वाटेवर ठेचकाळत होती. तिची गोष्ट चाचणी आवृत्तीच्या अंगाने बोलकी आहे. टेबलं आणि ऑब्जेक्ट जोडणारं ‘ऑब्जेक्टस्पेसेस’ तिने २००१ मध्ये डेव्हलपर्सना दाखवलं. लोकांनी ते वापरून पाहिलं, त्यावर आशा बांधल्या. २००४ मध्ये ते लांबणीवर पडलं आणि स्वतंत्र उत्पादन म्हणून कधीच आलं नाही. सप्टेंबर २००५ मध्ये नवी पूर्वावृत्ती आली, तिचं नाव लिंक आणि तिच्यातल्या डेटाबेसच्या भागाचं नाव डीलिंक. सोबत ‘एसक्यूएलमेटल’ नावाचं छोटं टूल होतं. त्याला डेटाबेस दाखवला की ते टेबलांप्रमाणे क्लासेसचा कोड लिहून द्यायचं. माझ्या टूलचं हे थोरलं भावंडच म्हणा.

त्याच वर्षी सी-शार्प भाषेच्या दुसऱ्या आवृत्तीत ‘पार्शल क्लास’ ही सोय आली. एकच क्लास दोन फाईलींत वाटून लिहायचा: एक फाईल टूलची, एक आपली. कंपायलर दोन्ही जोडून घेतो. जनरेशन गॅपची कल्पना आता भाषेतच मुरली. तरी एक अडचण उरली. टूलने लिहिलेल्या एखाद्या फंक्शनच्या मधोमध आपली तपासणी घालायची असेल तर? ‘हा आकडा रिकामा आहे, थांब’ असं म्हणायचं असेल तर? पहिल्या पूर्वावृत्तीत याला वाट नव्हती. नोव्हेंबर २००७ मध्ये अंतिम आवृत्ती आली तेव्हा भाषेत ‘पार्शल मेथड’ आल्या होत्या. टूल ठरावीक जागी नुसतं नाव लिहून जागा सोडतं, तुम्हाला हवं तर ती भरा, नाही भरली तर कंपायलर ती काढून टाकतो. मधल्या दोन वर्षांत नावंही बदलली. डीलिंक हे नाव गेलं, त्यामुळे पूर्वावृत्तीवर लिहिलेला कोड जसाच्या तसा अंतिम आवृत्तीत चालत नव्हता.

म्हणजे काय, तर चाचणी आवृत्तीवर प्रबंधाचं घर बांधू नका. पण ती वापरून जरूर बघा, कारण टूल कुठे अडतं हे तिथे उघड्यावर दिसतं. प्रसिद्ध झालेल्या निबंधात ते बरंचसं झाकलेलं असतं.

माझ्यापुरते मी तीन बदल केले, तुम्हालाही उपयोगी पडतील. पहिला: टूलने लिहिलेली प्रत्येक फाईल आता वेगळ्या फोल्डरमध्ये जाते आणि तिच्या माथ्यावर मराठीत लिहिलेलं असतं की इथे हात लावू नका. दुसरा: ती दुरुस्ती मी टूलच्या मुळातच केली. आकडा नसेल तर जागा रिकामीच राहते आणि एसक्यूएलचा सरासरीचा हिशेब रिकाम्या जागा धरत नाही. तिसरा: त्या विहिरीचे सहा महिने मी चाचणी म्हणून जपून ठेवले आहेत. टूल कोणीही चालवलं की आधी तिची सरासरी काढली जाते. ५०.७५ आली नाही तर टूल पुढे जात नाही.

तुमच्याही लॅबमध्ये कोणीतरी लिहिलेली, कोणीतरी दुरुस्त केलेली आणि आता कोणालाच पूर्ण न कळणारी एखादी स्क्रिप्ट असेल. सिनॉप्सिस देण्याआधी एक दुपार तिच्यासाठी काढा. वहीतली एक अशी नोंद घ्या जिचं उत्तर तुम्हाला हाताने काढता येतं आणि स्क्रिप्ट दोनदा चालवा. दुसऱ्यांदा काय येतं ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

आमची ती विहीर यादीत पुन्हा लाल झाली आहे. पुढच्या महिन्यात बाटल्या घेऊन जाईन तेव्हा यादीची प्रतही सोबत नेणार आहे.