मनीऑर्डरवाले आबा



मागच्या महिन्यात आमच्या शेजारचे आबा गेले. नव्वदी पार केली होती. बाराव्यानंतर मी काकींकडे बसायला गेले, तर त्यांनी ट्रंकेतून दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी एक चिठ्ठी असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि ती चिठ्ठी फाडून हातात ठेवायचा. काकींनी तीस वर्षांच्या चिठ्ठ्या जपल्या होत्या. बहुतेकींवर मजकूर एकच: "मी खुशाल आहे. मुलांना शाळेत पाठव. पैसे मिळाल्याचे कळव."

आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या किती घरांचा इतिहास अशा चिठ्ठ्यांत आहे! मुंबईत पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली आणि पुढे कोकणातला तरणा माणूस तिकडे ओढला गेला. इथे भाताचे एकच पीक, जमिनीच्या वाटण्या होऊन तुकडे झालेले, वर खोताचा वाटा. १९११ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. आपला सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला, त्याआधी आपण त्याच जिल्ह्यात मोडत होतो. टपालखात्याने १८८० साली मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणीतला पगार गावच्या चुलीपर्यंत पोचू लागला.

आबा सतराव्या वर्षी बोटीने मुंबईला गेले. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून पाऊस लागायच्या आत निघावे लागले. आधी बदली कामगार, म्हणजे कोणी खाडा केला तरच काम. मग साचाखात्यात कायम झाले. परळच्या चाळीत गाववाल्यांची एक खोली होती. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे एकजण कामावर गेला की त्याच वळकटीवर दुसरा झोपायचा. जेवण खानावळीत. अशा खानावळी चालवणाऱ्या बायकाही बहुतेक कामगारांच्याच घरच्या. त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. म्हणजे इथल्या माणसाचा संसार तिथे कोणी परकी बाई आपल्या संसारासाठी राबून सांभाळत होती.

आणि इकडे काकी. लावणी, कापणी, गुरे, सासूसासरे, तीन मुले, सगळे त्यांच्यावर. आमचे बाजारात किराणा दुकान. माझे सासरे सांगायचे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत अर्ध्या गावाची उधारी वहीत असायची. "शेटजी, मनीऑर्डर इली काय देतंय," एवढ्या शब्दावर तांदूळ, रॉकेल, गूळ जायचे. आमच्याही घरची चूल अशी गिरणीच्या भोंग्यावरच पेटत होती, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळले.

जनगणनेतही हे दिसते. २००१ साली सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे १०७९ स्त्रिया होत्या. देशात इतर ठिकाणी मुली कमी म्हणून चिंता, आणि आपल्याकडे बायका जास्त. पण ते बायकांचे भाग्य नव्हे. घरातला पुरुष घरात नव्हता, हा त्याचा अर्थ.

आबा वर्षातून एकदा गणपतीला यायचे. चतुर्थीला त्यांच्याकडे गणपती बसला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे दशलक्षण सुरू, त्यामुळे त्यांचे येणे माझ्या सासूबाईंच्याही लक्षात राहायचे. एका वर्षी आबा पिशवी घेऊन अंगणात आले, तर धाकटा मुलगा आत पळाला आणि ओरडला, "आये, पावणो इलो!" काकी हे हसत सांगतात. आबा मात्र तेव्हा हसले नव्हते, ओटीवर तसेच बसून राहिले.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागेच घेतला गेला नाही. वर्षभर वाट पाहून आबा गावी आले, तेव्हा त्यांच्याजवळ ट्रंक आणि वळकटी एवढेच होते. आमच्या दुकानाच्या वहीत त्यांच्या नावाचे पान भरत गेले. सासऱ्यांनी तगादा लावला नाही. आबांनी मात्र पुढे पाच वर्षे दर हंगामाला काजूबी आणून घालून शेवटचा रुपया फेडला. सासरे नको म्हणाले, तरी ऐकले नाही.

मला वाटायचे, ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट असणार. काकी म्हणाल्या, "पैशान वाईट. पण पोरग्याक बापूस तेवाच गावलो." धाकट्याला पोहायला आबांनी शिकवले ते पन्नाशी जवळ आल्यावर. सकाळी पेज सगळ्यांनी एकत्र बसून खायची, हा रिवाज त्या घरात तेव्हापासूनचा.

आपण अशा माणसांचे कौतुक करताना म्हणतो, "घरासाठी झिजले." खरेच झिजले. पण त्याला नुसता त्याग म्हणून मोकळे होऊ नये असे मला वाटते. त्याग आपल्या मर्जीने होतो. आबांना दुसरी वाटच नव्हती. त्यांनी पाठवलेले पैसे मोजता येतात, घरात नसलेली तीस वर्षे कोणत्या वहीत लिहायची? आणि ती तीस वर्षे घर उभे राहिले ते काकींमुळे, हेही त्याच पानावर यायला हवे.

जुनी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली. मैत्रिणींनो, तुमच्याकडे आजेसासूबाईंच्या पेटीत अशा चिठ्ठ्या असतील तर रद्दीत घालू नका. त्या वाचून दाखवायला कोणी असेल तोवर मुलांना शेजारी बसवा. काकींनी तो गठ्ठा पुन्हा बांधला आणि म्हणाल्या, "अक्षर त्येंचा न्हय. लिवक येय नाय होता. लिवन घेयत." शेवटच्या दोन वर्षांच्या चिठ्ठ्यांवर मात्र वाकडीतिकडी सही आहे. ती त्यांनी रात्रशाळेत शिकलेली.