एक टोला, दोन टोले

एसटीच्या लाल गाडीत पुढच्या बाजूला पाटी रंगवलेली असायची, ‘वाहन चालू असताना चालकाशी बोलू नये.’ एकोणतीस वर्षं मी वाहकाची नोकरी केली, पण ती पाटी वाचून गप्प झालेला उतारू माझ्या पाहण्यात नाही. ज्याला बोलायचं असतं तो पाटीलाच टेकून बोलतो. ड्रायव्हरचं लक्ष रस्त्यावर ठेवायचं काम केलं ते छताखालच्या दोरीनं.

मागच्या बाकापासून कड्यांतून ओवत नेलेली, पुढं ड्रायव्हरच्या डोक्याजवळच्या घंटेला बांधलेली दोरी. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. एवढंच व्याकरण. ड्रायव्हरला मान वळवावी लागत नाही, ‘आँ?’ म्हणून विचारावं लागत नाही. उन्हाळ्यात हाताच्या घामानं ती काळी आणि गुळगुळीत व्हायची. शाळेची पोरं चढली की कुणीतरी टोला मारायचंच. मग ड्रायव्हर ब्रेक दाबून आरशात माझ्याकडं बघायचा आणि मी पोरांकडं.

वडील एसटीच्या आधीच्या सर्व्हिस मोटारींच्या गोष्टी सांगायचे. ड्रायव्हरच्या शेजारची जागा गावातल्या वजनदार माणसाची. तो बसला की बोलणार, आणि ड्रायव्हरला हसून मान डोलवावी लागणार, कारण मोटार भरायची ती अशांच्याच ओळखीवर. उतारू भरेपर्यंत गाडी हलत नसे. रस्त्यात कुणी हात केला की ड्रायव्हरचा अर्धा डोळा त्याच्याकडं, अर्धा मागून येणाऱ्या दुसऱ्या मालकाच्या मोटारीकडं. क्लीनर पत्र्यावर थापा मारायचा, तीच घंटा. १९३९ साली मोटार वाहन कायदा आला खरा, पण उतारूंच्या पैशावर पोट असलेल्या माणसाला ‘उतारूंकडं बघू नकोस’ हे कुठला कायदा सांगणार?

१ जून १९४८ रोजी अहमदनगरहून पुण्याला पहिली एसटी निघाली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. त्या दिवसाबद्दल लोक गाडीचं कौतुक सांगतात, मला त्या दोन नावांचं वाटतं. एकाच्या हाती चाक, दुसऱ्याच्या हाती पैसे. ड्रायव्हरला पगार. गाडी भरली काय, रिकामी गेली काय, त्याला वळून बघायचं कारण उरलं नाही. ‘सुट्टे द्या’, ‘माझा पोरगा हाफ तिकिटाचाय’, ‘जरा वडापाशी उतरवा’ ही सगळी कटकट वाहकाच्या वाट्याला आली. आमच्या नोकरीचं नाव वाहक, पण निम्मं काम भिंतीचं.

मुंबईत ही भिंत खरीच होती. १९३७ पासून धावणाऱ्या बेस्टच्या जुन्या डबलडेकरमध्ये ड्रायव्हर पुढं वेगळ्या खोपट्यात एकटा बसायचा. वर एक कंडक्टर, खाली एक, आणि पुढं पोचायची ती फक्त घंटा. बोलू नये अशी पाटी लावायची गरजच नाही, बोलणार कोण? आमच्याकडं मात्र इंजिनाच्या गरम बॉनेटवर लोक धोतर आवरून बसायचे.

आणि नियम मोडणारा पहिला मीच. पुणे-नाशिक गाडी, नोकरीचं पहिलं वर्ष. चंदनापुरीच्या घाटात मी पुढं गेलो आणि संगमनेरला चहा कुठं घ्यायचा ते ड्रायव्हर अण्णांना विचारायला लागलो. ते बोलले नाहीत. पुन्हा विचारलं. गप्पच. घाट संपला, संगमनेर आलं, गाडी फलाटाला लागली, इंजिन बंद झालं. मग म्हणाले, “मास्तर, दोरीला चहा विचारता येत नाही. म्हणूनच ती दिलीय.” चहाचे पैसे मी दिले.

पुढं वडापच्या जीपगाड्या आल्या आणि वडिलांच्या गोष्टीतलं सगळं परत आलं. ड्रायव्हरच कंडक्टर, एका हातात चाक, दुसऱ्यात नोटा, त्याच्या उजवीकडं दाराला चिकटून आणखी एक उतारू, वर टेप. मग फोन. २०१९ च्या दुरुस्तीनं चालवताना हातात फोन धरणं धोकादायक वाहन चालवण्याच्या कलमात नाव घेऊन घातलं. पण शेजारी बसलेल्या त्या वजनदार माणसाला निदान गाडीत चढावं तरी लागायचं. फोनवरचा कुठूनही बोलतो, आणि पुढं घाट आहे हे त्याला दिसत नाही.

गेल्या वर्षी विनावाहक गाडीनं नाशिकला निघालो. तिकिटं स्थानकावरच झालेली, मी पुढच्याच बाकावर. खेडच्या अलीकडं मागून एक बाई पिशवी सावरत ड्रायव्हरकडं आल्या.

“दादा, नारायणगावला थांबणार ना?”

मी वाटेतच हात आडवा केला. “ताई, मला विचारा.”

“तुम्ही कोण?”

“नाही थांबणार. मधले थांबे नाहीत हिला. बसून घ्या आधी, वळण आलंय.”

त्या बसल्या. थोड्या वेळानं आणखी एक जण उठला.