माळढोक, माळ आणि नकाशावरची रेघ

आज गोष्ट सोलापूरकडच्या माळढोकाची. पाखरू भलं मोठं, पण मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या माळावर. म्हणून त्याला जपणं गरजेचंच होतं.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. 1979 साली सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत माळढोक अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? 8,496 चौरस किलोमीटर! एवढा माळ होता कुठं? नकाशाच्या रेघेत शेतं आली, वस्त्या आल्या, गावंच्या गावं आली. मेंढ्या राखणाऱ्या एखाद्या बाईला विचारलं असतं, तर पाखरू कुठं बसतं ते तिनं बोटानं दाखवलं असतं, असं मला वाटतं. जमिनीची खरेदी-विक्री अडली. लेकीच्या लग्नाला एकरभर विकायचं म्हटलं तरी अडचण. लोकांचा राग निघाला पाखरावर.

आणि गंमत बघा. सरकारी कागदात माळ म्हणजे पडीक जमीन, म्हणून माळावर झाडं लावली गेली. झाडं लावणं म्हणजे पुण्य, असं आपणही मानतो ना? पण माळढोकाला हवं मोकळं गवत. त्यात उजनीचं पाणी आलं आणि जिथं गवत होतं तिथं ऊस उभा राहिला.

2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनं क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आलं. कितीतरी गावं सुटली, तेहतीस वर्षांनी. नान्नजच्या माळावर आज काळविटांचे कळप दिसतात, ते पिकातही उतरतात. माळढोक मात्र क्वचितच नजरेला पडतो.